खोकला किती दिवस राहतो हो, डॉक्टर?

यावेळी पत्रांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा होता आणि जवळपास सगळी पत्रं मुलांच्या छातीवरची, खोकला, घुरघुर, दमा, पंप. सगळ्यांना उत्तर देता येत नाही म्हणून पाच निवडली. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. १२ दिवस झाले खोकला जात नाहीये. आधी एक सिरप झालं, मग ५ दिवस अँटिबायोटिक झालं, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी सिरप बदललं आणि अजून एक अँटिबायोटिक लिहिलं. ताप नाही, दिवसभर हुंदडते, पण शेंबूड हिरवा आहे आणि रात्री एखाद्या वेळी खोकून खोकून उलटी होते. सासूबाई म्हणतात अजून एक डॉक्टर बघू. काय करू? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, आधी एक आकडा सांगते, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा. २५ दिवस. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला होता, त्यात वेगवेगळ्या देशांतले बरेच अभ्यास एकत्र करून एवढंच पाहिलं होतं की मुलांची साधी दुखणी आपली आपण बरी व्हायला किती दिवस घेतात. सर्दीची लक्षणं १० पैकी ९ मुलांमध्ये जायला १५ दिवस लागले आणि खोकला जायला २५. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मात्र आठवडा बसलेला असतो, त्यामुळे आठव्या दिवशी घरात काळजी सुरू होते, दहाव्या दिवशी डॉक्टर बदलतो, पंधराव्या दिवशी परत बदलतो, आणि तोवर चौथा आठवडा जवळ आलेला असतो, मग त्या वेळी जे कोणी डॉक्टर असतील त्यांच्या हाताला गुण आहे असं घरभर होतं. गुण हाताला आला, औषधाला आला की नुसत्या दिवसांना आला हे एका मुलाकडे बघून कळूच शकत नाही. पुराव्यावर आधारित उपचार म्हणतात ते एवढ्यासाठीच असतात. सारखाच आजार असलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी द्यायचं, आणि मग मोजायचं.

हिरव्या शेंबडाचं म्हणाल तर तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, व्हायरसच्या सर्दीतही येतो, त्यावरून अँटिबायोटिक ठरत नाही. कमी होत आलेली सर्दी परत उसळली किंवा नव्याने ताप आला तर मात्र दाखवा.

आणि सिरप. हे मी जरा कळकळीने लिहितेय. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे २० हून जास्त लहान मुलं गेली, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडल्या आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यांचे आईबाप साध्या सर्दी-खोकल्यासाठी बाटली घेऊन घरी गेले होते. त्यानंतर ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने परत सांगितलं की २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि ५ वर्षांखाली सहसा टाळायची. भेसळ हा भाग वेगळा, पण भेसळ नसलेल्या चांगल्या सिरपनेही या वयात खोकला लवकर जातो असं चाचण्यांमधून दिसलेलं नाही. मग ज्यातून फायदा नाही त्याचा एवढासाही धोका का पत्करायचा?

रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या. मधावर खरंच चाचण्या झाल्यात आणि काहीच न देण्यापेक्षा तो बरा ठरलाय. फक्त १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणातूनही नाही, बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

खोकला ४ आठवड्यांच्या पुढे गेला, वजन घटलं, घरात कुणाला टीबी असेल, खोकून झाल्यावर श्वास आत ओढताना हुप्प असा आवाज येत असेल (तो डांग्या खोकला असू शकतो), किंवा शेंगदाणा-फुटाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला सुरू झाला असेल, तर २५ दिवसांचा हिशोब विसरा आणि लगेच जा.

प्रश्न : माझं बाळ ५ महिन्यांचं. सर्दी झाली, मग छातीत घुरघुर, दूध पिता येईना म्हणून ॲडमिट केलं. तिथल्या डॉक्टरांनी ब्रॉन्किओलायटिस सांगितलं आणि ४ दिवस फक्त ऑक्सिजन, नाकात सलाइनचे थेंब आणि नळीने दूध, बाकी काहीच नाही. नेब्युलायझर नाही, अँटिबायोटिक नाही, स्टिरॉइड नाही. बाळ बरं होऊन घरी आलंय पण घरचे अजून चिडलेत की एवढं बिल घेतलं आणि केलं काय. माझ्या बहिणीच्या मुलाला मागच्या वर्षी असाच श्वासाचा त्रास झाला होता, त्याला स्टिरॉइडचा एक डोस दिला आणि सकाळपर्यंत तो ठणठणीत. मग माझ्या बाळाला का नाही दिला? (एक आई, नाशिक)

उत्तर : तुमच्या बाळाला मिळालेले उपचार उत्तम होते, हे मी तुमच्या घरच्यांसाठी ठळक लिहितेय.

ब्रॉन्किओलायटिस बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसने होतो. ५ महिन्यांच्या बाळाच्या सगळ्यात बारीक श्वासनळ्या आधीच दोऱ्याएवढ्या, त्यात आतलं अस्तर सोलवटून निघतं, मेलेल्या पेशी आणि चिकट कफ यांचे बूच बसतात. दम्यात नळीभोवतीचा स्नायू आवळलेला असतो, नेब्युलायझरमधलं सालब्युटामॉल हे औषध तो सैल करतं म्हणून दम्यात नेब्युलायझर दिला की दहा मिनिटांत फरक दिसतो. इथे स्नायूचा प्रश्नच फारसा नाही, बूच बसलंय, त्याला सालब्युटामॉल काय करणार. आवाज मात्र स्टेथोस्कोपमधून जवळपास सारखाच येतो आणि तिथेच आम्ही सगळे फसत आलो.

मीही दिलाय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची बरीच वर्षं अशा प्रत्येक बाळाला मी चार-चार तासांनी नेब्युलायझर लिहायचे, बाळ रडायचं, नाडी १८० ला जायची, आई मास्क धरून बसायची, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बाळ बरं झालं की मला वाटायचं औषधाने झालं. नंतर चाचण्यांचे निकाल एकावर एक येत गेले. ऑक्सिजनची पातळी सुधारत नाही, ॲडमिट करावं लागण्याचं प्रमाण कमी होत नाही, घरी लवकर सोडता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये म्हटलं होतं की एकदा देऊन बघा, फरक पडला तर चालू ठेवा, आणि २०१४ मध्ये पुरावा अजून साठल्यावर तीही सूट काढून घेतली, देऊच नका. सवय मोडायला मला त्यानंतरही वेळ लागला हे मी लपवत नाही, कारण काहीच न देता आईसमोर उभं राहणं फार अवघड असतं.

आता तुमच्या भाच्याचं. नुसत्या पत्रावरून खात्री देता येत नाही, पण मध्यरात्री कुत्रा भुंकावा तसा खोकला आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज असं काही असेल तर तो क्रूप होता. त्यात सूज वर, स्वरयंत्रापाशी असते आणि सूज स्टिरॉइडने उतरते. कॅनडात २००४ मध्ये सौम्य क्रूपच्या ७२० मुलांवर चाचणी झाली, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा एकच डोस मिळालेल्यांपैकी ७ टक्के मुलांना परत डॉक्टरकडे न्यावं लागलं, औषध नसलेलं नुसतं सिरप मिळालेल्यांपैकी १५ टक्के. म्हणजे निम्मं. तेच डेक्सामेथासोन अमेरिकेत २००७ मध्ये ब्रॉन्किओलायटिसच्या ६०० बाळांवर तपासलं, तर ॲडमिट होणाऱ्यांचं प्रमाण औषध देऊन ३९.७ टक्के आणि न देता ४१ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणा. औषध तेच, श्वासाचा त्रासही बाहेरून बघणाऱ्याला सारखाच वाटणार, पण एकात रात्रीतून गुण आणि दुसऱ्यात शून्य. म्हणून तर ‘शेजारच्या मुलाला लागू पडलं’ हा निकष चालत नाही.

बिलाबद्दल घरच्यांना एवढंच सांगा की त्या ४ दिवसांत दर थोड्या वेळाने कुणीतरी तुमच्या बाळाचा श्वास, ऑक्सिजन आणि पोटात गेलेलं दूध मोजत होतं. या आजाराचा उपचार तोच आहे. आणि खोकला अजून दोनेक आठवडे रेंगाळला तर घाबरू नका, यात ३ आठवडे लागू शकतात.

प्रश्न : वाफारा रोज द्यावा का? मुलगा २ वर्षांचा. (बाबा, पनवेल)

उत्तर : नको. सर्दीत वाफेचा ठोस फायदा दिसलेला नाही, क्रूपमध्येही नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून भाजलेली मुलं मी स्वतः बघितलीत, मांड्या आणि पोट भाजतं, व्रण आयुष्यभर राहतात. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमधून सलाइनचे थेंब आणा.

प्रश्न : आमचा मुलगा ७ वर्षांचा, दर थंडीत दम लागतो, वर्षात दोनदा ॲडमिट झालाय. डॉक्टरांनी रोज दोन वेळा स्टिरॉइडचा पंप सांगितलाय. पंपाची सवय लागते, उंची खुंटते असं सगळेच म्हणतात. म्हणून आम्ही घरी नेब्युलायझरचं मशीन घेतलंय आणि त्रास झाला की तेच लावतो, शिवाय माँटेलुकास्टची गोळी दोन वर्षं चालू आहे. बरोबर चाललंय ना? (आईबाबा, पुणे)

उत्तर : मनापासून सांगते, बरोबर नाही चाललंय, पण सुधारता येण्यासारखं नक्कीच आहे.

उंचीची भीती खोटी नाही, म्हणून ती उडवून न लावता आकडाच देते. अमेरिकेत आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या १०४१ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, एका गटाला रोज ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप, एका गटाला औषध नसलेला नुसता पंप, आणि ही मुलं पूर्ण मोठी होईपर्यंत त्यांच्या मागावर राहून उंची मोजली. २०१२ मध्ये निकाल आला, पंप घेतलेले सरासरी १.२ सेंटिमीटरने बुटके. बोटाच्या एका पेराहूनही कमी. तो फरकही बहुतेक पहिल्या दोन वर्षांत पडला आणि पुढे वाढत गेला नाही. आता दुसऱ्या पारड्यात बघा, वर्षात दोनदा ॲडमिट, प्रत्येक वेळी तोंडाने किंवा शिरेतून स्टिरॉइड, ज्याचा डोस पंपापेक्षा कितीतरी मोठा, बुडालेली शाळा, आणि दम्याच्या एखाद्या मोठ्या ॲटॅकमध्ये जिवाला असलेला धोका. ठरवायचं तुम्हीच, पण दोन्ही पारडी बघून ठरवा. डॉक्टर कमीत कमी डोसवर आणत जातील आणि दर वेळी उंची मोजून ठेवतील, तसं त्यांना सांगाच.

सवयीचं म्हणाल तर पंपाची सवय लागत नाही. दमा आत असतो, पंप बंद केला की तो परत वर येतो, आणि लोकांना वाटतं सवय लागली. चष्मा काढला की दिसत नाही म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही ना.

मशीन घेतलंत त्याचं मला वाईट वाटतं, कारण पैसे गेले. आवाज मोठा, धूर दिसतो, म्हणून मशीन जोरदार वाटतं. पण पंप स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं प्लॅस्टिकचं पोकळ नळकांडं) लावून दिला तर दम्याच्या ॲटॅकमध्ये तो नेब्युलायझरच्या तोडीस तोड काम करतो, मुलांच्या बाबतीत हे अनेक चाचण्या एकत्र करून तपासलंय, उलट स्पेसरवाली मुलं इमर्जन्सीतून साधारण अर्धा तास लवकर बाहेर पडली आणि त्यांची छातीची धडधड कमी वाढली. स्पेसर नाही म्हणून अडलं तर केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये करून दाखवलेली गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. त्यांनी ५०० मिलिची कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं, फट राहू नये म्हणून ते सील केलं, आणि मूल बाटलीच्या तोंडातून श्वास घेणार. विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला. फट राहिलेली बाटली कमी पडली आणि थर्माकोलचा कप सगळ्यात कमी. आडगावी ॲटॅक आला आणि जवळ नुसताच पंप असला तर हे लक्षात असू द्या.

तुमच्याकडे मात्र नीट स्पेसर आणा. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक फवारा, मग तोंड न सोडता पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा फवारा. दोन फवारे एकदम मारायचे नाहीत. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, ती गिळायची नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की प्लॅस्टिकवर स्टॅटिक चार्ज येतो आणि औषध आतल्या भिंतींना चिकटून बसतं. माझ्याकडे ‘पंप लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी समोर घेऊन दाखवायला सांगते आणि निम्म्याहून जास्त वेळा चूक तिथेच सापडते.

माँटेलुकास्टबद्दल. रोजच्या कंट्रोलसाठी ते स्टिरॉइडच्या पंपापेक्षा कमी पडतं. आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला, काही मुलांमध्ये भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात म्हणून. दोन वर्षांत मुलगा रात्री दचकून उठतोय का, स्वभाव बदललाय का हे आठवून बघा आणि पुढच्या भेटीत गोळीचं स्पष्ट विचारा.

प्रश्न : तुमच्या सदरात सारखं अमेरिका, कॅनडा, इंग्लंड असतं. आपली मुलं वेगळी, हवा वेगळी, दवाखाने वेगळे. तिथला पुरावा इथे कसा चालेल? मी आशा कार्यकर्ती आहे, आम्हाला बाळाचे श्वास मोजायला शिकवलंय, पण गावातले लोक म्हणतात एक्स-रे काढल्याशिवाय न्यूमोनिया कसा कळेल. (एक आशाताई, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचा पहिला प्रश्न या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. कधी चालतो, कधी चालत नाही, आणि ते परत तपासूनच कळतं.

मुदतीच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांची फुप्फुसं कच्ची असतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला लिगिन्स आणि हाउवी या दोघांनी दाखवलं की लवकर कळा सुरू झालेल्या आईला आधीच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर फुप्फुसं लवकर तयार होतात, श्वासाचा त्रास होणारी बाळं २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आली. नंतर बऱ्याच चाचण्या झाल्या तरी जगभर हे इंजेक्शन नियमाने द्यायला विसाहून जास्त वर्षं गेली, तोवर किती बाळं गेली असतील. कोक्रेन नावाची जी संस्था असे पुरावे गोळा करते तिच्या बोधचिन्हात याच ७ चाचण्यांच्या रेघा आहेत. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१५ मध्ये भारतासकट ६ देशांत, गावपातळीवर, दवाखान्याची नीट सोय नसतानाही हे इंजेक्शन सरसकट पोचवून बघितलं, तर लहान चणीच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. मग २०२० मध्ये भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, नायजेरिया इथल्या चांगल्या सोयीच्या हॉस्पिटलांत परत चाचणी झाली, आणि तिथे मृत्यू स्पष्ट कमी झाले. म्हणजे औषध खरं होतंच, पण कुणाला, कुठे, पुढची सोय काय, हे बघून द्यायचं.

आणि श्वास मोजण्याचा पुरावा तर आपल्याच मातीतला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडाने द्यायचं साधं अँटिबायोटिक द्यायला शिकवलं, एक्स-रे नाही, रक्त तपासणी नाही. काही गावांत हे केलं, काही गावांत नाही. १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला, ज्या गावांत केलं तिथे न्यूमोनियाचे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी. ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं यंत्र बनवलं, १० श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. किती श्वासांना न्यूमोनिया धरायचा हे आता जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलंय आणि तुम्हाला शिकवलेले आकडे तेच आहेत, २ महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५०, १ ते ५ वर्षं ४०.

औषधाचे दिवसही इथेच मोजलेत. २००४ मध्ये भारतातल्या ७ हॉस्पिटलांच्या ओपीडीत २१८८ मुलांवर चाचणी झाली, नुसते श्वास जलद असलेल्या साध्या न्यूमोनियात ३ दिवस ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक घेतलेली ८९.५ टक्के मुलं बरी झाली आणि ५ दिवस घेतलेली ८९.९ टक्के. तुम्ही तुमच्या प्रोटोकॉलमध्ये आहेत तेवढेच दिवस द्या, आईने मनाने कोर्स बंद करायचा नाही, पण १० दिवसांची बाटली म्हणजे जास्त चांगले उपचार असं गावात कुणी म्हणालं तर हे सांगता येईल.

मोजताना बाळ शांत हवं, अंगावर पीत नको, रडत नको, झोपलेलं असलं तर सगळ्यात छान. झबलं वर करा, पोट-छाती वर-खाली होताना बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळं मध्येच थांबून परत भराभर श्वास घेतात. जास्त आला तर थोड्या वेळाने परत मोजा. बाळ २ महिन्यांखालचं असेल आणि दुसऱ्यांदाही ६० आला, किंवा कुठल्याही वयात मूल पीत नाही, सुस्त पडलंय, ओठ निळे आहेत, झटका आलाय, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन गाडी बोलवा. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे. मात्र झटका चालू असेल, मूल बेशुद्ध किंवा गिळू शकत नसेल तर तोंडाने काहीही घालू नका, सरळ निघा.